शिक्का आणि शब्द



म्यानातला खंजीर आणि दोन तलवारी हे ओमानचं राजचिन्ह सहममध्ये आपल्या रोजच्या पाहण्यातलं. आपल्यातल्या मुंबईकरांना मात्र महापालिकेचं बोधचिन्ह आठवतं. धर्म तिथे जय, असं त्यावरचं संस्कृत ब्रीद. केईएम, नायर, सायन ही त्याच पालिकेची रुग्णालयं. गावाकडून आलेल्या रुग्णाला ब्रीद कळो न कळो, खाट मिळाली की शहर आपलं वाटतं!

शिवरायांची अष्टकोनी मुद्राही लोककल्याणाचंच सांगते. २०२२ मध्ये नौदलाच्या ध्वजावर तिचा आकार आला.

आम्ही संगणकवाले लोगो तासाभरात करून देऊ, त्यात काय मोठंसं! पण आजचा निधी अशाच रुग्णांच्या औषधांसाठी आहे. तुमच्या पावतीवर मंडळाचा शिक्का असेल. पै-पैचा हिशोब पुढच्या सभेत मांडू, जरूर विचारा.