विद्वानामागची आई



आपल्या शिरवळ भागातल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी मुंबईला असतं. तिथला माहीमचा दर्गा तुम्ही ऐकून असाल. डिसेंबरात तिथं मोठी जत्रा भरते. पोलीस मानाची चादर चढवतात. सगळ्या धर्मांची माणसं जातात.

हा दर्गा मखदूम अली माहिमी यांचा. जन्म १३७२ चा, मृत्यू १४३१ चा. तेव्हा मुंबई म्हणजे नुसती बेटं होती. माहिमी तिथले काझी, म्हणजे न्यायनिवाडा करणारे. कुराणाचा अर्थ उलगडून सांगणारा मोठा ग्रंथ त्यांनी अरबीत लिहिला.

त्यांची एक गोष्ट लोक सांगतात. रात्री आईनं पाणी मागितलं. ते पाणी घेऊन आले, तोवर आईचा डोळा लागला होता. तिची झोप मोडू नये म्हणून ते हातात पाणी घेऊन पहाटेपर्यंत उभे राहिले. आज दर्ग्यात त्यांच्या शेजारीच आईची कबर आहे.

मुलानं आईची सेवा केली, हे सगळे सांगतात. आईनं मुलासाठी काय केलं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. म्हणून आणखी एका आईची गोष्ट ऐका.

माहिमींच्या साडेपाचशे वर्षं आधी, आजच्या उझबेकिस्तानातल्या बुखारा शहरात इमाम बुखारी जन्मले, साल ८१०. पैगंबरांची वचनं आणि वागणूक यांच्या आठवणींना हदीस म्हणतात. कुणी कुणाकडून ऐकलं, सांगणारा भरवशाचा आहे का, हे तपासून त्यांनी हदीस निवडल्या. त्यांच्या संग्रहाला सुन्नी मुसलमान कुराणाच्या खालोखाल मानतात. त्यांचे वडील ते लहान असतानाच वारले. आईनं वाढवलं, शिकवलं. सोळाव्या वर्षाच्या सुमारास ती दोन्ही मुलांना घेऊन मक्केच्या यात्रेला गेली. परतताना हा मुलगा शिकायला तिथंच राहिला. नवरा नाही, घर दूर, तरी मुलाचं शिक्षण थांबलं नाही.

आता आपल्या गटाचं बघू. म्हशीसाठी, शिलाई मशीनसाठी कर्ज मागितलं की आपण लगेच हो म्हणतो. एकट्या बाईनं लेकीच्या फीसाठी मागितलं, की विचारतो, "फेडणार कशी?" हप्ता लहान करा, मुदत वाढवा, पण तिला नाही म्हणू नका. येत्या बैठकीत हा विषय घ्या आणि ठराव वहीत लिहा. शाळा एकदा सुटली की पोरगी परत वर्गात बसणं फार अवघड असतं.