हिमशिखरांपुढे उभा राहिलेला चित्रकार
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्यापैकी अनेकांच्या दिवाणखान्यात हिमशिखरांचे एखादे चित्र टांगलेले असते. ते पाहताना चित्रकाराने सोसलेली थंडी आपणांस जाणवत नाही. परंतु आज ज्यांच्याविषयी बोलावयाचे, त्या जोव्हान्नी सेगान्तीनी यांनी ती थंडी पत्करली नसती, तर त्यांची चित्रे झालीच नसती, असे माझे स्पष्ट मत आहे.

सेगान्तीनींचा जन्म 1858 साली आर्को येथे झाला. तो प्रांत त्या वेळी ऑस्ट्रियाच्या राज्यात होता. बालपणीच मातापित्यांचे छत्र हरपले. काही काळ मिलानच्या सुधारगृहात गेला. मोठेपणी कोणत्याही देशाचे नागरिकत्व त्यांच्यापाशी नव्हते. अशा या अनिकेत माणसाने स्वित्झर्लंडच्या पर्वतांत घर केले: 1886 साली साव्होन्यीन येथे, सुमारे 1200 मीटर उंचीवर, आणि 1894 साली मालोया येथे, सुमारे 1800 मीटरवर.

बहुतेक चित्रकार बाहेर लहान टिपण करतात आणि मोठे चित्र घरी बसून पुरे करतात. त्यात कमीपणा मुळीच नाही. सेगान्तीनी मात्र भला थोरला कॅनव्हासच उघड्यावर उभा करीत. रंग एकमेकांत न कालवता, शुद्ध रंगांच्या बारीक रेषा शेजारी-शेजारी ओढावयाच्या आणि त्यांचा मिलाफ पाहणाऱ्याच्या नेत्रांत होऊ द्यावयाचा, अशी त्यांची पद्धती. काम अत्यंत संथ, महिनोन्‌महिने चालणारे. रोज तोच प्रहर, तेच ऊन गाठावे लागे. इतका मोठा पट रोज घरी कोण नेणार? तो तेथेच लाकडी पेटीत बंद करून ठेवीत. थंडीने तैलरंग घट्ट होतो, बोटे बधिर होतात, वारा कॅनव्हासला शिडासारखा ओढतो. बर्फावरून परतणाऱ्या प्रखर उजेडात जे चित्र तेजस्वी भासते, तेच घरात आणल्यावर काळवंडलेले दिसते. (आपल्याकडे श्रावणात घाटमाथ्यावर जलरंग वाळत नाहीत म्हणून आपण कुरकुरतो, तेथे ते गोठतात!)

हे कष्ट एकट्याचे नव्हते. घरकामास असलेली बाबा नावाची मुलगी (तिकडे हे मुलीचे नाव असते) त्यांच्या चित्रांसाठी अशा उघड्यावर तासन्‌तास उभी राही. तिचा उल्लेख फारसा कोणी करीत नाही, म्हणून येथे मुद्दाम करतो.

पॅरिसच्या 1900 सालच्या प्रदर्शनासाठी त्यांनी एंगादीन खोऱ्याचे प्रचंड वर्तुळाकार दर्शन योजिले होते. खर्च झेपेना, म्हणून जीवन, निसर्ग आणि मृत्यू अशा तीन चित्रांवर ती योजना आली. मधल्या, सुमारे 4 मीटर रुंदीच्या पटासाठी ते 1899 च्या सप्टेंबरात पोन्त्रेसीनाजवळील शाफबेर्ग या 2700 मीटरहून उंच डोंगरावर एका झोपडीत राहिले. तेथेच उदरावरणाचा दाह झाला. दुखणे सुरू झाल्यावरही ते चित्रापुढे जाऊन उभे राहिले, असे सांगतात. वैद्य चढून वर आले, परंतु उपाय चालला नाही. 28 सप्टेंबर रोजी, वयाच्या अवघ्या 41 व्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

चित्रत्रयी अपुरीच राहिली. सेंट मॉरिट्‌झ येथे 1908 साली उघडलेल्या, घुमट असलेल्या संग्रहालयात ती आहे. मधल्या चित्रात सूर्य मावळला आहे, आकाश अद्याप सोनेरी आहे, आणि एक स्त्री व एक पुरुष गुरे घेऊन घराकडे निघाली आहेत.