एकाच युद्धातील दोन वैद्य

(धाराशिव येथे वैद्यकीय विद्यार्थी, सेवाकार्यातील कार्यकर्ते आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धाराशिवहून तुळजापूरमार्गे सोलापूरला जाणारा रस्ता या जिल्ह्यातील घराघराला परिचित आहे. येथील रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या उपचारांसाठी याच रस्त्याने सोलापूर गाठत आले. त्या सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म झाला. मुंबईत वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून ते डॉक्टर झाले. १९३७ मध्ये जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण केले. पुढच्याच वर्षी, सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना, पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनकडे रवाना झाले. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि जेमतेम सत्तावीस वर्षांचे डॉ. कोटणीस हे ते पाच जण. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या आक्रांत देशाला पाठविलेली ही मदत होती.

१९४० मधील एका दीर्घ लढाईत डॉ. कोटणीस यांनी सलग बहात्तर तास, डोळ्याला डोळा न लागता शस्त्रक्रिया केल्या. आठशेहून अधिक जखमींवर त्यांनी उपचार केले. पुढे ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. अतिश्रमाने खंगलेल्या शरीराला अपस्माराचे झटके येऊ लागले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी चीनच्या भूमीवर देह ठेवला. अखेरच्या काळात त्यांनी स्वीकारलेल्या साम्यवादी विचारांशी कोणाचे मतभेद असतील. परंतु त्यांच्या सेवेपुढे नतमस्तक होण्यास ते मतभेद आड येऊ नयेत.

त्याच युद्धात, त्याच चीनमध्ये, आणखी एक उच्चविद्याविभूषित वैद्य कार्यरत होता. त्याचे नाव शिरो इशी. क्योतो येथील नामांकित विद्यापीठाचा हा पदवीधर जंतुशास्त्राचा जाणकार होता. मांचुरियातील हार्बिन शहराजवळ पिंगफांग येथे त्याने जपानी सैन्याचे ‘पथक ७३१’ उभारले. कागदोपत्री ते साथीचे रोग रोखणारे आणि पाणी शुद्ध करणारे खाते होते. प्रत्यक्षात तेथे जिवंत माणसांना प्लेग, पटकी, अँथ्रॅक्स यांचे जंतू टोचले जात. हाडे गोठविणाऱ्या थंडीत कैद्यांचे हात-पाय गोठवून ते कसे सडतात, याच्या नोंदी ठेवल्या जात. काहींची तर जिवंतपणीच चिरफाड होई. बळी पडलेल्यांत बहुसंख्य चिनी होते. रशियन, कोरियन आणि मंगोलही होते. किमान तीन हजार माणसे या प्रयोगांत मारली गेली. हे पाप प्रयोगशाळेच्या भिंतीआड थांबले नाही. १९४० मध्ये निंग्बो आणि १९४१ मध्ये चांगदे या शहरांवर प्लेगच्या पिसवा विमानांतून टाकण्यात आल्या आणि नागरी वस्त्यांत साथ पसरली.

या साऱ्यात एक तपशील विशेष विचार करण्याजोगा आहे. पिंगफांगमधील कैद्यांना नावे नव्हती. त्यांना ‘मारुता’ म्हणत. मारुता म्हणजे लाकडाचा ओंडका. आसपासच्या लोकांना ती वखार असल्याचे सांगितले जाई, त्यावरून हा शब्द रूढ झाला. माणसाला आधी ओंडका म्हटले, म्हणजे पुढचे सारे सोपे होते. ओंडक्याला वेदना नसते आणि ओंडक्याची संमतीही कोणी घेत नाही. कोटणीस आणि इशी या दोघांच्याही हाती शस्त्रक्रियेची सुरी होती. दोघांमधील अंतर ज्ञानाचे नव्हते. समोर पडलेल्या देहात माणूस दिसतो की नाही, एवढेच ते अंतर होते.

जर्मनीची कथाही हेच सांगते. त्या काळी जर्मन वैद्यक जगात अग्रगण्य मानले जाई. इतकेच नव्हे, तर मानवावरील प्रयोगांसाठी संमती आवश्यक मानणारी नियमावली तेथे १९३१ मध्येच निघाली होती. तरीही अवघ्या दहा-अकरा वर्षांत दाखाऊच्या छावणीत कैद्यांना बर्फाच्या पाण्यात बुडविले गेले, रेव्हन्सब्रुकमध्ये पोलिश स्त्रियांच्या जखमांत मुद्दाम जंतू भरले गेले आणि आउश्वित्झमध्ये मेंगेलेने ज्यू व रोमा जुळ्या बालकांवर प्रयोग केले. नियम कागदावर राहिला, कारण ज्यांचे रक्षण करायचे त्यांना राज्यसत्तेने आधीच माणसांच्या यादीतून वगळले होते.

युद्धानंतर न्याय झाला का? अर्धाच झाला. न्यूरेंबर्ग येथे डॉक्टरांवरील खटला ९ डिसेंबर १९४६ रोजी, म्हणजे कोटणीसांच्या निधनाला नेमकी चार वर्षे झाली त्या दिवशी, सुरू झाला. तेवीस आरोपींपैकी वीस डॉक्टर होते. सोळा दोषी ठरले, सात जणांना फाशी झाली. ऑगस्ट १९४७ मध्ये, भारत स्वतंत्र झाला त्याच महिन्यात, निकाल लागला आणि त्यातून दहा कलमांची ‘न्यूरेंबर्ग संहिता’ जन्मली. तिचा पहिलाच दंडक स्वेच्छेने दिलेल्या संमतीचा आहे. इशीला मात्र अमेरिकेने प्रयोगांच्या नोंदींच्या मोबदल्यात अभय दिले. तो १९५९ मध्ये आजारपणाने मेला. न्यायालयाचे तोंडही त्याने पाहिले नाही. सोव्हिएत रशियाने १९४९ मध्ये खबारोव्स्क येथे बारा जपान्यांवर खटला चालविला, तो पाश्चात्त्यांनी प्रचार म्हणून उडवून लावला. २००२ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने जंतुयुद्ध झाल्याचे मान्य केले. भरपाई मात्र नाकारली.

आणि ज्या साम्राज्याने स्वतःला सुसंस्कृत म्हणवून घेतले, त्याचे काय? १९३० च्या दशकाच्या आरंभापासून दहा वर्षांहून अधिक काळ रावळपिंडी येथे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हिंदी सैनिकांवर मस्टर्ड वायूचे प्रयोग केले. हिंदी कातडीवर हा वायू गोऱ्या कातडीपेक्षा अधिक परिणाम करतो का, हे त्यांना पाहायचे होते. शेकडो जवानांवर हे प्रयोग झाले. अर्ध्या चड्डीत आणि सुती सदऱ्यात त्यांना वायूच्या कोठडीत धाडले गेले. अनेक जण गंभीर भाजले. पुढे त्यांच्या प्रकृतीचे काय झाले, याची विचारपूसही झाली नाही. हे जगासमोर आले ते २००७ मध्ये. ही वंशहत्या नव्हती आणि तिची पिंगफांगशी बरोबरी करणे योग्य होणार नाही. पण हुकूम पाळणाऱ्या पारतंत्र्यातील शिपायाच्या ‘हो’ला संमती म्हणता येत नाही.

भारतीय परंपरेत वैद्याचे व्रत प्राचीन आहे. चरकसंहितेतील विमानस्थानात शिष्याला दिलेल्या उपदेशात, स्वतःच्या प्राणावर बेतले तरी रुग्णाचे अहित चिंतू नये, असा आदेश आहे. त्याच उपदेशात राजाला अप्रिय असलेल्यांना औषध देऊ नये, असाही निर्बंध आहे. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्याने दोन्ही वाचावे. राजसत्तेच्या शत्रूला रुग्ण न मानण्याचा मोह किती जुना आहे, हे त्यातून कळते. आणि कोणता आदेश शिरोधार्य मानायचा, हेही ठरविता येते.

स्वतंत्र भारतही या मोहापासून मुक्त नाही. २००९-१० मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात मुलींवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा प्रकल्प राबविला गेला. अनेक वनवासी मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कठोर ताशेरे ओढले. लस उपयुक्त आहे, प्रश्न लसीचा नव्हताच. गरीब आईबापांना विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही, हा प्रश्न होता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने उमरगा-लोहारा परिसरातील गावे जमीनदोस्त झाली, तेव्हा ढिगाऱ्यातून निघालेल्या माणसांनी अनोळखी डॉक्टरांच्या हाती निःशंकपणे देह सोपविला. या जिल्ह्याला तो विश्वास ठाऊक आहे. तो विश्वास हीच वैद्याची खरी पुंजी. २०२२ मध्ये धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथून बाहेर पडणाऱ्या तरुणांसमोर उद्या एखादी निरक्षर माउली संमतिपत्रावर अंगठा उठवायला बसेल. त्या कागदावर काय लिहिले आहे, हे तिला तिच्या बोलीत समजावून सांगावे, तिच्या शंकांना उत्तर द्यावे आणि ती ‘नको’ म्हणाली तर तिच्यावर रागावू नये. पिंगफांगची वाट फार दूरच्या देशात सुरू होत नाही; समोरच्या माणसाला विचारायचे राहून जाते, तेथेच तिचे पहिले पाऊल पडते.