सरकारच्या दारी, शेजाऱ्यांसह

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या मार्च महिन्यात आपल्या नववीच्या तीस मुलामुलींना विधानभवन दाखविण्यास नेण्याचे ठरले. बरोबर शेजारच्या दोन शाळांचे विद्यार्थी येणार होते. त्यांपैकी एक ख्रिस्ती बांधवांची शाळा, दुसरी मराठी माध्यमाची. संमतिपत्रे घरी पाठविली, तेव्हा सात पत्रे सहीशिवाय परत आली. एका पालकांनी मला फाटकापाशी गाठून स्पष्टच विचारले, "सर, मिशनवाल्यांच्या मुलांबरोबर आमची मुलगी कशासाठी? आणि सरकार बघून आम्हाला मिळणार काय? सरकार मोहल्ल्यात येते ते मते मागायला."

त्यांचा राग मी समजू शकतो. हे दोन्ही प्रश्न अनेकांच्या मनात असतात, म्हणून आज त्यांचे उत्तर सर्वांसमोर देतो.

मित्रहो, मिशनरी म्हटले की धर्मांतर, असे आपल्या मनात बसले आहे. पण आपल्या चेंबूरशी नाते असलेल्या एका मिशनरी जोडप्याची हकीकत ऐका. सन १९२५ मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे अमेरिकन गृहस्थ पत्नीसह मुंबईस आले. ते अमेरिकन मराठी मिशनचे. भायखळ्याजवळच्या नागपाड्यात मिशनने वस्तीसाठी एक केंद्र उघडले आणि ते मॅनशार्टसाहेबांच्या हाती सोपविले. त्याचे नाव 'नागपाडा नेबरहुड हाऊस', म्हणजे शेजाऱ्यांचे घर. त्या काळच्या नागपाड्यात मुसलमान होते, ज्यू होते, ख्रिस्ती होते, हिंदू होते. दाटीवाटीची, गरीब वस्ती. या घरात वाचनालय, वर्ग, खेळ असे सर्व काही होते आणि दार प्रत्येक धर्माच्या माणसाला उघडे होते.

मला विशेष वाटते ते त्यांच्या व्याख्यानमालांचे. शहर चालते कसे, हे त्यात जाणकारांनी लोकांना समजावून सांगितले. पुढे मॅनशार्ट यांनी ती व्याख्याने संपादून छापली. १९३५ चे पुस्तक मुंबई म्युनिसिपालिटी कसे काम करते यावर आहे, तर १९३७ चे मुंबई सरकारच्या समाजसेवांवर. विचार करा, देशात राज्य इंग्रजांचे. सामान्य माणसाने कचेरीची पायरी चढायची ती हात जोडून. अशा वेळी पाणी, आरोग्य, शिक्षण ही खाती काय करतात, हे ऐकण्याची सोय एका गरीब वस्तीत व्हावी! सरकार ही आपल्याला समजणारी गोष्ट आहे, असे तिथे बसलेल्या तरुणाला प्रथमच वाटले असेल.

१९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या विश्वस्त निधीतून त्याच नागपाड्याच्या घरात समाजकार्याचे शिक्षण देणारी शाळा सुरू झाली. मॅनशार्ट तिचे पहिले संचालक. पुढे १९४४ मध्ये तिचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था असे झाले आणि १९५४ मध्ये ती आपल्याकडे आली. वि. ना. पुरव मार्गावर देवनार डेपोसमोर जे फाटक आपण रोज बसमधून पाहतो, तेच ते. नागपाड्याच्या गल्लीतले रोपटे आपल्या अंगणात वाढले आहे, आणि आपल्यापैकी किती मुले त्या फाटकातून आत गेली आहेत?

आता सहलीची हकीकत सांगतो. पाच पालकांनी नंतर सह्या केल्या. चेंबूरहून हार्बरच्या गाडीने आम्ही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलो. समोरच महापालिकेची भव्य इमारत. मुलांना मी तिथे थांबविले आणि विचारले, "येथे आपले कोणी बसले होते का?" कोणालाच सांगता आले नाही. ही इमारत १८९३ साली पूर्ण झाली, पण त्याच्या वीस वर्षे आधी, १८७३ मध्येच, बद्रुद्दीन तैयबजी महापालिकेवर निवडून आले होते. १८८८ साली रहिमतुल्ला सयानी महापालिकेचे अध्यक्ष होते. तैयबजी यांनी पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत पुढाकार घेतला. शाळा आणि सभागृह ही दोन्ही कामे त्यांना एकाच वेळी आवश्यक वाटली, हे लक्षात घ्या.

विधानभवनाची आजची इमारत १९८१ सालची. प्रेक्षक गॅलरीत जाण्यापूर्वी सर्वांची झडती झाली. रांगेत टोपीवाला, क्रॉसवाली, टिकलीवाली सर्व एकामागे एक उभी. नियम सर्वांना एकच : बोलायचे नाही, टाळी वाजवायची नाही. खाली प्रश्नोत्तराचा तास चालू होता. २८८ जागांचे ते सभागृह, पण पुष्कळ बाके रिकामी. मुलांना याचे आश्चर्य वाटले आणि मी ते लपविले नाही. पण एका आमदाराने विचारलेल्या प्रश्नाला मंत्री उभे राहून उत्तर देतात, हेही त्यांनी पाहिले. येताना गाडीत आमची एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, तिथे कोणी ओरडून विचारले तरी लिहून दिलेल्या प्रश्नालाच उत्तर मिळत होते."

तेच सहलीचे फलित. या मुलीच्या जन्मदाखल्यात वडिलांचे नाव चुकलेले होते. वडील एका कार्यालयात चार खेपा घालून तोंडी विनंती करून आले होते. फाटकापाशी मला अडविणारे पालक हेच. मुलीने मराठीत अर्ज लिहिला. सहलीत ओळख झालेल्या मराठी शाळेतील मैत्रिणीने त्यातले शुद्धलेखन तपासून दिले. अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घेतली. दीड महिन्यात दुरुस्त दाखला हाती आला. वडील शाळेत आले ते पेढे घेऊनच.

पण ज्या दोन पत्रांवर सह्या झाल्या नाहीत, ती मुले त्या दिवशी वर्गात बसून होती. त्यांची आठवण मला अजून बोचते. पालकांना समजावण्यात मीच कमी पडलो.

पालकहो, तीन गोष्टी मागतो. एक, शाळेचा दाखला, आधार आणि रेशनकार्ड यांवर मुलाचे नाव एकाच प्रकारे लिहिलेले आहे ना, हे आजच पाहा. दहावीनंतर हाच गोंधळ शिष्यवृत्तीच्या आड येतो. दोन, घरी उर्दू बोला, ती आपली प्रिय भाषा आहे, पण मराठीत अर्ज लिहिता येईल इतकी मराठी मुलांना येऊ द्या. माहितीचा अधिकार २००५ सालापासून आहे, लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ पासून. दोन्ही कायदे लेखी मागणाऱ्याच्या उपयोगी पडतात. तीन, शेजारच्या मुलांबरोबर आपल्या मुलांना जाऊ द्या. ज्याचे इमान घरात पक्के झाले आहे, ते चार तासांच्या सहलीने डळमळत नाही.

परदेशातून आलेले एक जोडपे नागपाड्यात येऊन शेजारी झाले. आपण तर जन्माचेच शेजारी आहोत. यंदाची संमतिपत्रे पुढच्या आठवड्यात घरी येतील. या वेळी एकही पत्र सहीशिवाय परत येऊ नये, एवढीच विनंती.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.