छावणीतील खेळ



ज्याचे घर हिरावले गेले, त्याने खेळावे काय, नाचावे काय, असे पुष्कळदा विचारले जाते. दुःखिताने रंजनात वेळ दवडणे अविवेकाचे, असा त्यामागील समज असतो. तो समज किती उथळ आहे, हे अमेरिकेतील एका प्रकरणावरून आपण पाहू.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढला आणि जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरदार सोडावे लागले. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोक जन्माने अमेरिकेचेच नागरिक होते. आरोप नाही, खटला नाही. दोष एकच, जन्म! उचलवेल तेवढेच सामान घेऊन ते निघाले. कित्येकांना प्रथम घोड्यांच्या तबेल्यांत ठेवले. मग ओसाड प्रदेशातील दहा छावण्यांत, काटेरी तारांच्या कुंपणाआड.

तेथे वृद्धांनी गो आणि शोगी या पटावरील खेळांचे डाव मांडले. मांझानारच्या रखरखीत भूमीत त्यांनी दगड रचून, पाणी खेळवून बागा उभारल्या. टुली लेकची छावणी कोरड्या तळ्याच्या जागी होती; तेथील मातीतून बारीक शिंपले वेचून स्त्रियांनी त्यांचे नाजूक दागिने केले. उन्हाळ्यात ओबोनच्या सणाला लहानथोर वर्तुळ धरून पूर्वजांच्या स्मरणार्थ नाचले. या सणाची कथा भगवान बुद्धांचे शिष्य महामोग्गलान यांच्या मातृप्रेमाची आहे.

याचा अर्थ ध्यानी घ्या. ज्या वंशाबद्दल त्यांना शासन झाले, त्याच वंशाचे खेळ व कला त्यांनी उघडपणे जोपासल्या. जन्माची लाज बाळगण्यास त्यांनी दिलेला तो नकार होता. दिवसाचे तास पहारेकऱ्यांच्या हाती होते. पटावरील सोंगटी मात्र त्यांच्या स्वतःच्या हाती होती.

परंतु खेळाने फाटक उघडले नाही. त्यासाठी लढावे लागले. फ्रेड कोरेमात्सु न्यायालयात गेले. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. त्यांची शिक्षा रद्द झाली १९८३ मध्ये. १९८८ च्या कायद्याने शासनाने क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकास २०,००० डॉलर देण्याचे ठरविले. खेळाने मन अभंग राखले; न्याय मिळाला तो संघर्षाने.

म्हणून विस्थापितांच्या वस्तीत मुले खेळताना दिसली, तर "हे दुःख विसरले" असे म्हणू नका. त्यांचा मान शाबूत आहे, एवढेच समजा. आणि त्यांचे हक्क कोठे अडले आहेत, ते विचारा.