वैशाखातलं वावर, आषाढातलं वावर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मालेगाव म्हटलं की बहुतेकांना नाशिक जिल्ह्यातलं, यंत्रमागांचं मालेगाव आठवतं. मी बोलतोय ते वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावबद्दल. अकोल्याहून पातूर, मेडशी करत वाशिमकडे जाणारा रस्ता आणि नागपूरहून कारंजा, मेहकरमार्गे पश्चिमेकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. जाणाऱ्या-येणाऱ्यांची या गावाला सवयच आहे.

पण श्रोतेहो, आजचा विषय वाटसरूंचा नाही. तो परतून येणाऱ्यांचा आहे. तालुक्यातल्या खेड्यांतून पुण्या-मुंबईला गेलेली मंडळी वर्षातून एकदा, फार तर दोनदा गावी येतात. आणि गंमत अशी, की ज्याला जो महिना सवडीचा, तोच महिना त्याच्यासाठी गाव होऊन बसतो.

मे महिन्यात येणारा काय पाहतो? उघडं पडलेलं, वखरलेलं वावर. काळ्या मातीला हात जाईल अशा भेगा. विहिरीचा तळ. याला कारण आहे. आपला भाग पठाराचा, पाणलोटाच्या माथ्यावरचा. उत्तरेकडचं पाणी काटेपूर्णेतून पूर्णा, तापी करत अरबी समुद्राला मिळतं. दक्षिणेकडचं पैनगंगेतून पुढे गोदावरीला आणि तिच्याबरोबर बंगालच्या उपसागराला. दोन समुद्रांना पाणी देणाऱ्या या माथ्यावर वैशाखात मात्र हंड्यांची रांग लागते. मुंबईहून आलेली नातवंडं तेवढंच पाहून जातात.

महालक्ष्म्यांना येणाऱ्याचं गाव अगदी निराळं. भाद्रपदात नाले वाहत असतात, सोयाबीनच्या शेंगा भरत असतात, मधल्या तुरीच्या ओळी डोकं वर काढत असतात. सून-लेकी फोटो काढतात, म्हणतात, किती छान आहे हो इथे! घरधन्याचं लक्ष मात्र आभाळाकडे असतं. शेंगा भरताना पंधरा-वीस दिवस पावसानं ओढ दिली, की वरून हिरवं दिसणारं पीक आतून पोचट निघतं. बी-खताचा, फवारणीचा सगळा पैसा तोवर मातीत गेलेला असतो.

दिवाळीला येणारा पाहतो ती पोत्यांची थप्पी. "बाबा, यंदा मजा आहे तुमची," असं सहज बोलून जातो. त्या थप्पीतला बराच माल कृषी केंद्राच्या उधारीचा, सोंगणीच्या मजुरीचा आणि थ्रेशरवाल्याचा असतो, हे त्याला कोण सांगणार? त्यात सोंगणीच्या वेळी पाऊस आला तर दाणा ओला राहतो. हमीभावाच्या खरेदीला ओलावा साधारण 12 टक्क्यांच्या आत लागतो. सण तोंडावर, हातात पैसा नाही. मग मिळेल त्या भावानं माल निघतो.

परतून येणाऱ्यांची आणखी एक जात आहे, तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर जाणारी कुटुंबं. ती पाडव्याच्या सुमारास परततात. त्यांच्याबरोबर जाणाऱ्या पोरांना आपल्या गावाचा पावसाळा ठाऊक, उन्हाळा ठाऊक. पण हरभऱ्याचे घाटे आणि तुरीच्या ओल्या शेंगा आपल्याच शिवारात कशा लागतात, हे त्यांना माहीत नसतं. त्यांच्या गावाला हिवाळाच नाही!

नोकरदार पाहुणा सहसा येत नाही असे काळ दोन. एक मृग-आषाढाचा. पहिल्या पावसावर पेरायचं की थांबायचं, हा प्रश्न त्या आठ-दहा दिवसांत घराघरात असतो. पेरलं आणि पाऊस दडला, की दुबार पेरणी, म्हणजे पुन्हा बियाणं, पुन्हा उधारी. दुसरा काळ पौष-माघाचा. तूर खळ्यात येते, हरभरा भरतो. सोयाबीननं गेल्या तीस-चाळीस वर्षांत ज्वारीची बरीच जागा घेतली, त्यामुळे हुरडा आता शोधावा लागतो आणि कडब्याबरोबर गोठ्यातली जनावरंही कमी झाली. हा बदल एका सुट्टीत दिसत नाही. तो दोन हंगाम शेजारी ठेवले तरच दिसतो.

हे सगळं सांगायचं कारण असं, की घरातले मोठे निर्णय या चार दिवसांच्या सुट्टीतच होतात. वावर विकायचं का, बटईनं द्यायचं का, आई-बाबांना शहरात न्यायचं का. बहुतेक वेळा ही बैठक मे महिन्यात बसते, आणि भेगाळलेल्या जमिनीकडे बोट दाखवून मुलगा म्हणतो, "यात काय ठेवलंय?" अशा वेळी एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं दिलेलं उत्तर मला फार मोलाचं वाटतं : "वैशाखात पाह्यलं त कोनालेही वावर इकावंसं वाटन, बापू. एक खेप आषाढात येऊन पाय."

दिवाळीच्या थप्पीकडे पाहून विहिरीला, ट्रॅक्टरला कर्ज काढायला लावणारा मुलगाही तीच चूक उलट्या बाजूनं करतो.

आता अंतराची सबबही पूर्वीइतकी उरलेली नाही. आपल्या तालुक्यातून जाणारा समृद्धी महामार्ग 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि 5 जून 2025 पासून पूर्ण 701 किलोमीटर खुला झाला. या रस्त्यानं जमिनीचं गिऱ्हाईक लवकर येतं, तसा मुलगाही लवकर येऊ शकतो.

म्हणून परगावच्या मंडळींना एवढंच सांगणं. एखादं वर्ष दिवाळीची रजा वाचवा आणि पेरणीत या. एकदा संक्रांतीनंतर या. बाबांच्या शेजारी बसून जून ते मे असा पूर्ण वर्षाचा जमाखर्च वहीत मांडा. त्यानंतर वावर विकायचं ठरलं तरी हरकत नाही. तो निर्णय बाराही महिने पाहून घेतलेला असेल.