लिहित्या बाईला सोबत हवी

(टेंभी नाका, ठाणे इथे महिला गटांच्या एकत्र बैठकीत केलेलं भाषण)

विज्ञानकथेचा आणि आपल्या चळवळीचा काय संबंध, असं मला आमंत्रण देतानाच एकीने विचारलं. प्रश्न रास्त आहे. आपल्या बैठकांत रेशन असतं, पोटगी असते, कोर्टाच्या तारखा असतात. त्यात परग्रहावरची माणसं कुठे बसवायची? पण मागच्या महिन्यात मी मुंबईत विज्ञानकथा लिहिणाऱ्यांच्या एका मेळाव्याला अकरा वर्षांनी जाऊन आले. जुन्या लिहित्या मैत्रिणी भेटतील, एवढ्याच ओढीने गेले होते. तिथे जे पाहिलं ते आपल्या सगळ्यांच्या कामाचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेने मराठीत या प्रकाराला बळ दिलं. १९७४ साली या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून. आपल्या नावाच्या वजनाने नव्हे तर कथेच्या गुणावर निकाल लागावा, म्हणून त्यांनी नाव लपवलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंनी आपल्या हाताने उतरवून दिली, ही हकिकतही प्रसिद्ध आहे. मंगला नारळीकर स्वतः गणिताच्या अभ्यासक आणि लेखिका होत्या.

याच्या उलट बाजूची गोष्ट अमेरिकेतली आहे. तिथे जेम्स टिपट्री या नावाने १९६८ पासून विज्ञानकथा येऊ लागल्या. कथा गाजल्या. हे लेखन पुरुषाशिवाय कुणाचं असूच शकत नाही, असं एका नामवंत लेखकाने छातीठोकपणे लिहिलं. १९७७च्या सुमारास उघड झालं की टिपट्री म्हणजे अ‍ॅलिस शेल्डन नावाची बाई. नारळीकरांनी नाव लपवलं ते कीर्ती बाजूला ठेवण्यासाठी. बाईला नाव लपवावं लागतं ते मुळात कुणी गंभीरपणे वाचावं यासाठी. या दोन लपण्यांत जेवढं अंतर आहे, तेवढंच आपल्या कामाचं क्षेत्र आहे.

आता मेळाव्याकडे येते. सभागृहात सत्तरेक माणसं होती. बायका नऊ. त्यांतल्या चार नोंदणीच्या टेबलावर आणि चहाच्या व्यवस्थेत. कुणी आम्हाला वाईट वागवलं नाही. उलट ‘या या, बऱ्याच वर्षांनी’ असं अगत्याने स्वागतच झालं. प्रश्न वागणुकीचा नव्हता, घड्याळाचा होता. भाषणं संपली साडेपाचला. खरा मेळावा त्यानंतर सुरू झाला, समोरच्या चहाच्या टपरीवर. कुठल्या दिवाळी अंकाला कथा हवी आहे, कोणता प्रकाशक मानधन बुडवतो, कुणाची कादंबरी कुठे अडली आहे, हे सगळं तिथे बोललं जातं. आम्हा बायकांच्या नजरा मात्र पाच वाजल्यापासून लोकलच्या वेळेवर. कुणाला डोंबिवलीला पोचून कणीक भिजवायची होती, कुणाला बदलापूरला. बाईचं नाव यादीतून कुणी खोडत नाही. ती साडेपाचला निघते आणि नाव आपोआप गळतं.

आम्ही चौघी एके काळी एकमेकींना कथांचे कच्चे खर्डे टपालाने पाठवायचो. समासात पेन्सिलीने शेरे मारून परत करायचो. त्यांतल्या दोघी भेटल्या. कल्याणची मैत्रीण म्हणाली, “लिहिते गं, पण पाठवत नाही. बरं झालंय का, हे विचारू कुणाला?” अकरा वर्षांच्या वह्या तिच्या कपाटात आहेत. तिसरी आली नव्हती. तिची सासू अंथरुणाला खिळलेली आहे. पण तिने एका वहीत कथा लिहून दुसरीबरोबर पाठवली होती.

ती कथा आम्ही परतीच्या लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात वाचली. आजारी माणसाची सेवा करणारं यंत्र घरात येतं. भरवतं, कूस बदलतं, चादरी धुतं. सहा महिन्यांनी ते आठवड्याची सुट्टी मागतं. सगळं घर गोळा होऊन चर्चा करतं, कारण यंत्र महाग आहे, बिघडलं तर परवडणार नाही. आणि मग सून विचारते की यंत्र येण्यापूर्वी हे काम जी करत होती, तिच्या सुट्टीची चर्चा कधी झाली होती? समोर बसलेली एक बाई मुलुंडला उतरता उतरता विचारून गेली, “पुढे काय होतं हो?”

मैत्रिणींनो, विज्ञानकथेचा आपल्याशी संबंध काय, याचं उत्तर त्या वहीत आहे. यंत्र येतं तेव्हा ते आधी बाईच्या अंगावरून जातं. गर्भजल तपासणी आली ती व्यंग शोधायला आणि वापरली गेली मुली शोधायला. त्याविरुद्ध स्त्रीसंघटना लढल्या म्हणून १९८८ साली महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा झाला आणि १९९४ साली केंद्राचा. भाड्याच्या गर्भाशयाचा व्यापार बंद करणारा कायदा यायला २०२१ साल उजाडलं. प्रत्येक वेळी यंत्र आधी आलं आणि आपण मागून धावलो. उद्या काय येईल आणि ते कुणाच्या माथी बसेल, याचा विचार आधीच करून ठेवायची जागा म्हणजे विज्ञानकथा. बंगालच्या बेगम रोकेयांनी १९०५ साली ‘सुलतानाज ड्रीम’ लिहिली. तीत बायका सूर्याची उष्णता आणि ढगांतलं पाणी वापरून राज्य चालवतात आणि पुरुष पडद्यात असतात. म्हणजे ही वाट आपल्याला परकी नाही. मराठीत शुभदा गोगटे, मेघश्री दळवी यांच्यासारख्या लेखिकांनी ती चालवली आहे. पण वाट मळायची तर जाणाऱ्या पुष्कळ हव्यात.

त्यासाठी सोबत लागते. प्रतिभा एकटीची असेल, पण चिकाटी एकटीने टिकत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन इथे १९७७ साली स्त्रीवादी विज्ञानकथेचा ‘विसकॉन’ हा मेळावा सुरू झाला. तिथेच १९९१ साली टिपट्रीच्या नावाने पुरस्कार जाहीर झाला. त्याचे पैसे कुणा उद्योगपतीने दिले नाहीत. घरी केक-बिस्किटं भाजून विकली आणि त्यातून रक्कम उभी केली. पापड-मसाले विकून शिबिरं भरवणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. टेंभी नाक्यावरची ही खोली महिन्यातल्या एका शनिवारी, दुपारी तीन ते पाच, लिहिणाऱ्या बायकांना द्यावी. स्टेशनवरून इथे चालत येता येतं आणि पाचला निघालं की दिवेलागणीच्या आत घर गाठता येतं. भाषण नाही, पाहुणे नाहीत. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकून खरं सांगायचं. लहान मुलं असतील त्यांच्यासाठी शेजारच्या खोलीत आपल्यातली एक आळीपाळीने बसेल. ज्यांना भाडं जड आहे त्यांचं भाडं गटाच्या निधीतून द्यावं. जिला घराबाहेर पडता येत नाही तिची वही आणायला आपल्यातली कुणीतरी जाईल. आणि मेळावे भरवणाऱ्यांना आपण पत्र पाठवू, की महत्त्वाची चर्चा कार्यक्रमपत्रिकेत घ्या, टपरीवर ठेवू नका.

विज्ञानकथाच हवी असंही नाही. रहस्यकथा चालेल, भुताची गोष्ट चालेल. कल्याणच्या मैत्रिणीला मी विचारलं आहे. पहिल्या शनिवारी ती अकरा वर्षांतली एक वही घेऊन येते म्हणाली आहे. ऐकायला किती जणी येणार, ते आज इथेच हात वर करून सांगा.